परवाचा ताप

आमच्या घरात 'परवा' हा शब्द चालत नाही. नवरा म्हणाला, परवा गॅसवाला येऊन गेला, की मी विचारते, कोणत्या वारी? तो म्हणतो, अगं, परवा म्हणजे परवा. मग मी त्याच्याकडे बघत राहते, आणि तो निमूट वार आठवायला लागतो. सुनेला सुरुवातीला हे फार विचित्र वाटलं होतं. सासूबाईंना भाजीत मीठ जास्त पडलेलं चालतं, दूध उतू गेलेलं चालतं, मग एका साध्या शब्दाशी एवढं वैर कशाला, असं तिनं माझ्या मुलाला विचारलं. त्याला काय माहीत असणार? मी घरी कधी सांगितलंच नाही. तेव्हा हा लेख थोडा तिच्यासाठीही आहे.

माझी सगळी नोकरी लोकांच्या बोटांना सुया टोचण्यात गेली. आधी अमरावतीत रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत, आणि शेवटची आठ वर्षं नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, एका लहानशा कंपनीत. आजूबाजूला सगळे कापडाचे कारखाने, मधोमध आमची एकमजली इमारत. रिक्षावाले मला कायम सूतगिरणीच्या फाटकाशी उतरवायचे. इथं आम्ही तापाच्या तपासणीच्या पट्ट्या बनवतो असं सांगितलं की ते म्हणायचे, म्हणजे थर्मामीटर का? मी हो म्हणून टाकायची. रिक्षात बसून किती समजावणार?

इथं मात्र समजावते. आपल्याकडे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बायका शेतात निंदायला, तण काढायला जातात, बांधावरचं गवत कापतात. त्या गवतात डोळ्यांना न दिसणारा एक किडा असतो. तो चावतो, कळतही नाही. आठ-दहा दिवसांनी ताप भरतो, डोकं फुटायला येतं. याला स्क्रब टायफस म्हणतात. वेळेवर ओळखला तर साध्या गोळीनं बरा होतो. ओळखला नाही तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, सगळं एकेक करून धरतो. पूर्वी हा रोग आपल्याकडे कुणी मोजतही नसे. 'मुदतीचा ताप' म्हणून सगळे ताप एकाच पिशवीत जायचे. तपासणी होती, पण मोठ्या शहरात, मोठ्या यंत्रावर, आणि अहवाल येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला किंवा गेलेला.

आमची पट्टी म्हणजे बोटाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेला एक कागद. त्यावर बोटातल्या रक्ताचा थेंब टाकायचा, वर औषधाचे दोन थेंब. ओल कागदावरून पुढे सरकते. रोगाशी लढायला शरीरानं जे तयार केलेलं असतं, ते रक्तात असेल तर वाटेत एका जागी अडकतं आणि तिथं लाल रेघ उमटते. दुसरी रेघ नेहमीच उमटते, ती फक्त पट्टी शाबूत आहे एवढं सांगते. म्हणजे एक रेघ, रोग नाही. दोन रेघा, रोग आहे. हा लाल रंग सोन्याचा असतो. सोनं अतिशय बारीक केलं की लाल दिसतं. हे मी सांगितलं तेव्हा माझ्या जावेनं बांगड्या पदराखाली घेतल्या होत्या.

दोन रेघांचीही गंमत आहे. अकोटकडच्या एका गावात सत्तरीच्या एका आजोबांची पट्टी वाचून मी डॉक्टरांना म्हटलं, दोन रेघा आल्यात. आजी बाजूलाच बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. त्यांच्या नातसुनेच्या दोन रेघा त्यांनी गेल्याच महिन्यात पाहिल्या होत्या. म्हणाल्या, "बुढ्यालेही आल्या का?" आजोबा तापातही ओशाळले. त्यानंतर मी रेघांचा आकडा मोठ्यानं बोलणं सोडून दिलं.

अशी पट्टी बनवायला कोरडी खोली लागते. हवेत दमटपणा असला की कागद बिघडतो. पट्टीचं काम ज्यांच्या हाती ते आमचे आपटे सर पुण्याहून आले होते, त्यांना मे महिन्यात आमची हवा पाहून अक्षरशः भरून आलं. वऱ्हाडच्या उन्हाळ्याचं एवढं कौतुक करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पण बनवायला चांगलं ऊन, पट्टी टिकायला वाईट. ती खेड्यात पोचायची तर एसटीनं जाणार, आणि अकोल्याचं ऊन कसलं असतं ते मी सांगायला नको. मग मी सुचवलं की पट्ट्यांचा एक डबा महिनाभर रोज एसटीनं अकोटला पाठवू आणि परत आणवू. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले. डबा ड्रायव्हरच्या मागे, इंजिनाच्या उष्णतेत ठेवलेला असायचा. पंधरा-वीस दिवसांनी कंडक्टरला राहवेना.

"मॅडम, या डब्ब्याले अकोटात कोनी उतरवून घेत नाई का?" तो म्हणाला. "रोज जाते, रोज वापस येते."

मी म्हटलं, त्याची परीक्षा चालू आहे. त्यानं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो डबा सीटवर ठेवायला लागला. त्याला ऊन लागू नये म्हणून वर स्वतःचा ओला पंचाही टाकायचा. तो पंचा काढायला लावताना मला फार वाईट वाटलं. महिन्यानंतर पट्ट्या तपासल्या, एकही बिघडली नव्हती. पट्टीला आम्ही सगळ्या बाजूंनी पारखलं होतं. माणूस चुकेल ही शक्यता धरली होती, पण तो माणूस मी असेन असं मला वाटलं नव्हतं.

पावसाळा सरताना गावात खरी परीक्षा सुरू झाली. बार्शीटाकळीच्या बाजूला एका खासगी दवाखान्यात मला टेबल मिळालं. ताप आलेला माणूस आला की आधी परवानगी, मग बोटातून पट्टीसाठी थेंब, आणि दंडातून थोडं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला. तिथलं उत्तर यायला दोन महिने लागणार होते. मदतीला गावची आशाताई होती, सुनंदा. चपळ बाई, गावातल्या प्रत्येक घरातलं दुखणं तिला पाठ. आणि एक छापील फॉर्म होता. त्यात एक चौकोन होता, 'ताप येऊन किती दिवस झाले'.

हा चौकोन महत्त्वाचा. कारण पट्टी जे शोधते ते शरीर पहिल्या दिवसापासून बनवत नाही. चार-पाच दिवस जावे लागतात, त्याच्या आत रोगाची रेघ उमटायला नको. मी विचारायची, ताप कधीपासून? बहुतेक जण म्हणायचे, परवापासून. मी चौकोनात लिहायची, दोन.

मी अमरावतीची. माझं बालपण ज्या आजोळी गेलं तिथं परवा म्हणजे गेला आठवडाही होता आणि गेली संक्रांतही. माझी मावशी, परवा तुझा जन्म झाला, असं मला मी कॉलेजात असताना म्हणायची. हे सगळं मला ठाऊक होतं. पण हातात पेन आणि समोर चौकोन आला की माणसाला शहाणपण चढतं. चौकोनाला आकडा हवा होता, मी तो देत गेले.

महिन्याभरानं सरांनी फॉर्म मांडून आकडे जुळवले आणि त्यांची झोप उडाली. तापाच्या दुसऱ्याच दिवशी कितीतरी जणांना फिकी दुसरी रेघ. ते म्हणाले, हे शक्यच नाही, दोन दिवसांत शरीर एवढं बनवूच शकत नाही, म्हणजे आपली पट्टी नसलेलं दाखवतेय. लोक बरे असताना त्यांना रोगी ठरवणारी पट्टी कोण घेईल? मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत हंगाम संपला असता. त्यांनी मला सरळ विचारलं, दिवसांची नोंद पक्की आहे ना? मी म्हटलं, मी स्वतः विचारून लिहिलंय. मग रेघेवर जो माल लावतात तो कमी करायचं ठरलं, म्हणजे फिक्या रेघा दिसणार नाहीत आणि ठळक तेवढ्या उरतील. त्या निर्णयाच्या कागदावर सरांच्या खाली माझी सही आहे.

नव्या पट्ट्या घेऊन मी पुन्हा त्या टेबलावर बसले. एका गुरुवारी हमीदभाई बायकोला घेऊन आले. हमीदभाई गादीवाले, कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणारे. बायको नसीमबी, पंचेचाळिशीची, घरच्या बकऱ्यांसाठी रोज बांधावरून गवत कापून आणणारी. दोन्ही हातांनी डोकं दाबून बसली होती. मी विचारलं, ताप कधीपासून? हमीदभाई म्हणाले, परवापासून. मी दोन लिहिलं. पंधरा मिनिटं थांबून पट्टी पाहिली, एकच रेघ, स्वच्छ.

पट्टी अजून परीक्षेतच होती. तिच्यावरून उपचार ठरवायचे नाहीत असं आमच्या कागदांवर ठळक छापलेलं होतं. पण डॉक्टरांचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर, ते मान वर न करता विचारायचे, काय आलं? आणि मी सांगायची. त्या दिवशीही सांगितलं, नाही आलं. त्यांनी तापाची साधी गोळी लिहून दिली आणि नाही उतरला तर चार दिवसांनी या म्हणाले. हा किडा चावतो तिथं कित्येकदा काळी खपली धरते. बाईमाणूस असल्यानं नसीमबीच्या अंगावर ती शोधणं माझं काम होतं. एरवी मी आडोशाला नेऊन पाहायची. त्या दिवशी पाहिलं नाही. पट्टीनं नाही म्हटलं होतं ना.

सोमवारी सकाळी सुनंदाचा फोन आला. नसीमबीला अकोल्याला नेलं होतं, श्वास घेता येत नव्हता. मी मिळेल त्या एसटीनं अकोला गाठलं. हमीदभाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, मांडीवर तिच्या चपलांची पिशवी. आत एका नर्सला खपली सापडली होती, कमरेला, नाड्याच्या खाली. औषध सुरू झालं होतं, पण लागू पडेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं, हमीदभाई, ताप नक्की कधी आला होता?

"सांगतलं ना तुमाले. परवा."

"परवा तर शनिवार होता," मी म्हटलं.

"तो परवा नाई, बाई. तुमी सुई टोचली त्याच्या अगुदरचा परवा." मग ते थांबले, डोळे मिटून आठवू लागले. "असं पाहा. या बुधवारचा बाजार तिनं केला नाई. मी एकटाच गेलतो, बकऱ्याईले सरकीची ढेप आनाले. अन् त्याच्या अगुदरच्या बुधवारी बाजारातून आली, तं म्हने डोकं फुटून राहिलं. तवापासून पडली ते पडली."

मी बोटांवर मोजलं. आधीच्या बुधवारी ताप, हा बुधवार गेला, दुसऱ्या दिवशी गुरुवारी ती माझ्यासमोर बसली. म्हणजे तिचा तो दुसरा दिवस नव्हता, नववा होता. मी पुन्हा एकदा मोजलं. फक्त तिच्यासाठी नाही. त्या सगळ्या 'दोन'च्या चौकोनांसाठी.

दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठेला जाऊन मी फ्रिजमधून नसीमबीच्या रक्ताची नळी काढली. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची म्हणून ती ठेवलेली होती. टेबलावर शेजारी शेजारी दोन पट्ट्या मांडल्या, एक नवी, एक जुनी. दोन्हींवर तेच रक्त. नवीवर एक रेघ आली आणि तशीच राहिली. जुनीवर आधी एक आली, आणि मग हळूहळू, फिकी, पण दिसण्याजोगी, दुसरी. मी सरांना हाक मारली. त्यांनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. मी बाजारांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक माझी आहे, मी आकड्यांवर विसंबलो. मी म्हटलं, आकडे माझे होते. त्यांनी खोटं सांत्वन केलं नाही याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

रेघ पुन्हा पूर्ववत केली. मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं तेव्हा त्या फिक्या रेघा खऱ्याच निघाल्या. पण मला त्याच्याइतकाच तो चौकोन बदलायचा होता. मी सुचवलं, दिवस विचारायचेच नाहीत. विचारायचं, ताप येण्याआधी शेवटचा कोणता बाजार केला? आमच्या भागात माणूस तारीख विसरेल, वार विसरेल, पण बाजार विसरत नाही. कोणता चुकला, कोण सोबत होतं, काय आणलं, सगळं लक्षात. सर म्हणाले, अहो बाई, बाजार हे काही मोजमापाचं एकक नाही. मी म्हटलं, इथं आहे. सुनंदानं आसपासच्या गावांच्या बाजारांचे वार एका कागदावर लिहून दिले आणि तो प्रत्येक डब्यात जाऊ लागला. पुढच्या हंगामात 'दुसऱ्या दिवसा'च्या रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या. तो प्रश्न इतका रुळला की सुनंदा अंगणात दिसली की लोक तिनं विचारायच्या आधीच बाजार सांगायचे. माझ्या नोकरीत मी एकच शोध लावला, आणि तो हा. अभिमान आहे मला त्याचा, कशाला खोटं बोलू?

नसीमबी वाचली. बरेच दिवस अकोल्यात काढून घरी आली, पण कान गेले. या तापात कधीकधी जातात. अगदी जवळ, मोठ्यानं बोललं तर काही शब्द कळायचे, बाकी ती ओठांकडे पाहून ओळखायची. हमीदभाई सगळ्यांना सांगायचे, मशीनवर तपासलं होतं, तवा नव्हती बीमारी, मागून आली, नशीब. सुनंदानं हे मला सांगितलं. त्या रस्त्यानं कितीदा गेले, गादीच्या दुकानापुढून मान खाली घालून गेले. कंपनीच्या कागदांत सगळं लिहिलं होतं, सरांना सगळं माहीत होतं. ज्यांचं नुकसान झालं होतं त्या दोघांनाच माहीत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता जायचं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी गेले. हमीदभाई ओसरीवर रजईला टाके घालत होते. नसीमबी अंगणात बकऱ्यांना पाला टाकत होती. तिनं मला ओळखलं, चहा केला, आणि समोर येऊन बसली. घरात ते हिंदी बोलायचे, पण माझ्यासमोर दोघंही वऱ्हाडीच. मी कप खाली ठेवला आणि हमीदभाईंना सगळं सांगितलं. की त्या गुरुवारी पट्टीवर रेघ यायला हवी होती. जुन्या पट्टीवर ती आली असती, मी नंतर करून पाहिलं. ती रेघ आम्हीच दाबून टाकली होती, कारण मी प्रत्येक परवाचे दोन दिवस लिहिले होते. तिच्या अंगावरची खपलीही मी पाहिली नव्हती. गोळी त्याच दिवशी मिळाली असती तर कान कदाचित राहिले असते. हे नशीब नव्हतं, असंही म्हटलं.

हमीदभाईंची सुई थांबली. ते माझ्याकडे नाही, रजईकडे पाहत होते. नसीमबी माझ्या ओठांकडे पाहत होती, पण मी रडत बोलत होते, त्यामुळे तिला काही कळत नव्हतं. तिनं नवऱ्याच्या गुडघ्याला हात लावला.

"काय म्हन्ते बाई?"

हमीदभाईंनी मान वर केली. माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "परवा येतो म्हन्ते."

मला वाटलं, त्यांना अडवावं. खरं काय ते मीच तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगावं. पण त्यांनी ते कुणासाठी लपवलं, तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला कळेना. नसीमबी मात्र कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघत होती.

"परवा म्हंजे कोनता परवा?" ती म्हणाली. "असं नको सांगू बाई. कोन्त्या बाजाराले येतं, ते सांग."

मी डोळे पुसले आणि ओठ नीट हलवून सांगितलं, बुधवारच्या. तिनं मान डोलावली आणि म्हणाली, मंग बकरीचं दूध ठेवतो तुह्या चहाले.

बुधवारी मी गेले.